नाकवालीचा होकार

"आज ताग बाहेर काढलात तर मी या डोहात जीव देईन, भाऊजी. आणि मग माझं मढं तुमच्याच दोरानं ओढावं लागेल. तोही मध्येच तुटेल, कारण अर्ध्याकच्च्या तागाचा असेल!"

एवढं बोलून नाकवाली गुडघाभर पाण्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काठावर तिचा धाकटा दीर उभा होता. गावाचा कारभार त्याच्याकडे, म्हणून लहानथोर त्याला कारभारी म्हणायचे. पण डोहाच्या काठावर त्याचा कारभार वहाणांसोबत बाहेर राहायचा.

"वहिनी, खाली धक्क्याला नऊ नावा खोळंबल्यात. नावाडी शिव्या घालतायत."

"घालू देत की. शिव्यांनी ताग लवकर कुजत नाही."

"काल विचारलं तर म्हणालात, उद्या."

"काल म्हणाले उद्या, आज म्हणते उद्या दुपारी. अर्धा दिवस तर झाला ना कमी? हिशेबानं चाललंय माझं."

मागं उभे असलेले दोरवाले फिसकन हसले. कारभाऱ्यानं वळून बघितलं तसे सगळे एकदम आभाळाकडे बघायला लागले, जणू तिथं काहीतरी लिहून ठेवलं होतं.

ही भांडणं ऋतूला दहा-बारा वेळा व्हायची आणि दर वेळी नाकवालीच जिंकायची. कारण कामच तसं होतं. तागाच्या पेंढ्या बांधायच्या, टेकाडामागच्या संथ डोहात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे आणि कुजू द्यायच्या. साल कुजली की आतला वाख हातात रेशमासारखा सुटून येतो. अर्धा दिवस आधी काढला तर काडी सोडत नाही, अर्धा दिवस उशीर झाला तर दोर वरून देखणा आणि आतून मेलेला. हे कळायला घड्याळ नाही, पुस्तक नाही, वासच तेवढा. आणि तो वास वाचणारं नाक सगळ्या खोऱ्यात एकच होतं. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नाही. देवानं बाकी सगळं काढून घेतलं आणि त्याचं वजन नाकात टाकलं, असं बायका म्हणायच्या. तीन कोसांवरच्या घरात दूध उतू गेलं तर ती इथं चुलीपुढे बसून "गेलं बघा" म्हणायची. आता तीन कोस जरा जास्त वाटत असतील तर अडीच धरा, त्याखाली मात्र कुणी उतरू नये.

त्या नाकावर गाव उभं राहिलं. गाव म्हणजे एकच गल्ली, धक्क्यापासून टेकाडापर्यंत, चारशे पावलं, बाणासारखी सरळ. कारण दोर वळायचा तो गल्लीतच. एका टोकाला पीळ घालायचं चाक, दुसऱ्या टोकाला आकडा, आणि मधून वाख कमरेला गुंडाळून पाठमोरी चालणारी माणसं. म्हणून एकाही घराची पायरी गल्लीत वीतभर पुढे आलेली चालायची नाही. गावातली माणसं आयुष्यातली निम्मी वाट उलटी चालली, त्यामुळे कुणी कुणाच्या पाठीमागं बोलायची सोयच नव्हती. दोर असा, की एकदा तो टेकाडाला गुंडाळला, बारा बैल जुंपले आणि ओढला. दोर तुटला नाही, बैल दमले नाहीत, टेकाड मात्र चार बोटं सरकलं. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं टेकाड आधी कुठं होतं ते दाखवावं.

नावा यायच्या, दोर न्यायच्या. घरांवर माड्या चढल्या. खिडक्यांना काचा आल्या. शाळा झाली, शाळेला मास्तर आला. हाडकुळा, मोठ्या कानांचा, सगळ्या गोष्टी मोजून बघायची खोड असलेला. आल्या आल्या त्यानं गल्ली मोजली आणि सांगितलं, "चारशे नाही, तीनशे त्र्याण्णव." गाव आठ दिवस त्याच्याशी बोललं नाही.

सगळं होतं. आणि वासही होता.

कुजणाऱ्या तागाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही आणि ज्यानं घेतला त्याला सांगायची गरज नाही. टेकाडावरून वारा आला की तो गल्लीत उतरायचा. कपड्यात, केसात, पाण्याच्या घोटात. कावळे गावाला वळसा घालून जायचे. गावातल्या माणसांना मात्र तो कळतच नव्हता. दुसऱ्या गावी गेलं की त्यांना चुकल्यासारखं वाटायचं, झोप लागायची नाही.

पण माड्या चढल्यावर माणसाला पाहुणे यावेसे वाटतात, आणि पाहुण्यांना नाक असतं.

कारभाऱ्याला एकच मुलगी. आई तिची बाळंतपणातच गेलेली, म्हणून वाढवली ती नाकवालीनं. मोठी आई म्हणायची ती तिला. रात्री तिच्याच कुशीत झोपायची, रागावली की तिच्याच पाठीवर बुक्क्या मारायची. मुलगी हुशार, दिसायला उजवी, बोलायला तिखट. अठराची झाली आणि सोयरिकी यायला लागल्या. आल्या तशा परत गेल्या.

पहिले पाहुणे नावेतून उतरलेच नाहीत. दुसरे उतरले, पण मुलाच्या आईनं रुमाल नाकावरून काढला नाही, चहासुद्धा रुमालातूनच प्यायली. तिसऱ्यांतल्या एका मामानं ओसरीवर बसल्या बसल्या विचारलं, "घरात काही मेलंय का हो?"

"अजून नाही," नाकवाली आतून म्हणाली, "पण तुम्ही अजून थोडा वेळ बसलात तर सांगता येत नाही."

चौथे भले होते. मुलगा शिकलेला, शहरातला. मुलीशी दोन शब्द बोलला, हसला. जाताना त्याची आई मात्र कारभाऱ्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मुलगी लाखात एक आहे. पण वास... तो तिच्या अंगालाच आहे हो. धुऊन जाणारा नाही तो."

मुलगी दाराआड होती. तिनं ऐकलं. त्या दिवशी तिनं तीनदा डोकं धुतलं, लिंबू चोळून चोळून. मग ओल्या केसांनी नाकवालीपुढे येऊन बसली.

"मोठी आई, खरं सांग. येतो का गं?"

नाकवालीनं तिच्या केसांत नाक खुपसलं. त्यात लिंबू होतं, साबण होता, आणि सगळ्यांच्या खाली, मुळाशी, डोह होता. अठरा वर्षं ती त्याच वासात नाक खुपसून झोपली होती.

"नाही गं बाई," ती म्हणाली. नाकवाली नाकाबद्दल खोटं बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा. दुसरी वेळ फार लांब नव्हती.

कारभाऱ्यानं गाव गोळा केलं. "आपण वाशेळं गाव म्हणून ओळखले जातो," तो म्हणाला, "माझी एकट्याची पोर नाही, उद्या तुमच्याही आहेत." बाहेरून आलेल्या सुनांनी तर एका सुरात माना हलवल्या. मास्तरानं हात वर केला. तो त्या दिवशी नकाशा घेऊनच आला होता.

"वास का येतो? पाणी तुंबलेलं आहे म्हणून. नदी गावापुढून जाते आणि डोह टेकाडामागं. मधे फक्त दोनशे पावलांचा मातीचा पट्टा. तिथं चर खणू. नदीचं थोडं पाणी डोहात येईल, पलीकडच्या खडकाळीतून खाली निघून जाईल. वाहत्या पाण्याला वास कसला?"

"पण ताग?" एका म्हाताऱ्या दोरवाल्यानं विचारलं.

"ताग वाहत्या पाण्यातही कुजतो. थोडा उशीर लागेल."

"आणि नदी?"

"नदीचं काय?"

"ती आतच शिरली तर?"

"चर हातभर रुंद असेल, आजोबा. म्हैस दरवाज्यातून येते, सुईच्या नेढ्यातून येते का?"

लोक हसले. पण हसून झाल्यावर सगळे एकाच बाजूला वळले. कारभाऱ्यानं मास्तराच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं गणित बरोबर असेल, मास्तर. पण या गावात मातीपाण्यातली गोष्ट आमच्या वहिनीनं हुंगल्याशिवाय होत नाही."

"जरूर," मास्तर म्हणाला. "बाई नको म्हणाल्या तर मी नकाशा इथंच फाडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पट्ट्यावर पुरुषभर खोल खड्डा काढला. नाकवाली शिडीवरून आत उतरली. वर गावचं गाव कडं करून उभं, श्वास धरून. सगळ्यात पुढे पुतणी, कपाळावर आठी.

खड्ड्यात तिनं भिंतीला नाक लावलं. वर काळी माती, गवताच्या मुळांची. तिच्याखाली पिवळी, कोरडी, भाजल्यासारखी. तिच्याखाली, अगदी पायाशी, वीतभर थर होता. धुतलेली वाळू. तिनं चिमूट उचलली, नाकाशी नेली आणि तिचे डोळे मिटले गेले. शिंपले. शेवाळ. मासे, कधी मेलेले कुणास ठाऊक. नदी इथूनच जायची एके काळी. आणि वास शिळा नव्हता. माहेरवाशिणीनं रिकाम्या घरात आपली एक चोळी खुंटीवर ठेवून जावं, परत यायचंच आहे म्हणून, तसा तो वास होता.

तिनं वर बघितलं. एवढंसं गोल आभाळ आणि त्यात पोरीचं तोंड.

"मोठी आई?"

नाकवालीनं मुठीतली वाळू खाली सोडली आणि पायानं तिच्यावर माती ओढली.

"कोरडी माती आहे," ती म्हणाली. "खणा."

मास्तर वाकून म्हणाला, "बाई, खात्री ना? वाळू वगैरे..."

"नाक माझं आहे की तुमचं, मास्तर?"

लोक पुन्हा हसले. मास्तरही हसला. कुदळी पडल्या.

पहिलं वर्ष असं गेलं की पुसू नका. वास धुऊन निघाला. गावातल्या म्हाताऱ्यांना महिनाभर झोप आली नाही, एवढाच काय तो त्रास. कावळे आले, ते बघायला पोरं धावली. शहरातल्या त्या भल्या मुलाची सोयरीक परत आली आणि लग्न झालं. वरमाय नावेतून उतरली, छाती भरून श्वास घेतला, रुमाल कमरेला खोचला. नाकवाली खांबाआड उभी राहून रडली. कशासाठी, ते ज्यानं त्यानं आपल्यापरीनं समजून घेतलं.

दुसऱ्या वर्षी ताग रुसला. वाहत्या पाण्यात तो कुजायचा कमी आणि बुळबुळायचा जास्त. वाख राठ, दोर ताठ. आणि नाकवालीला काही सांगता येईना, कारण पाणी वासच वाहून न्यायचं. ती रोज डोहावर जायची, हुंगायची आणि लोकांनी विचारलं की म्हणायची, "काढा उद्या," पण ते आता निव्वळ अंदाजानं. हातभर रुंद चर तोवर चार हात झाला होता. काठाची माती रोज थोडी थोडी, कुणाला न सांगता, पाण्यात बसत होती.

तिसऱ्या वर्षी पूर आला. फार मोठा नव्हता, त्याहून मोठाले पूर गावानं बघितले होते. पाच दिवस नदी टेकाडावर डोकं आपटत राहिली. सहाव्या दिवशी सकाळी आवाज थांबला.

बायका घागरी घेऊन धक्क्यावर गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. पुढे नदी नव्हती. चिखल होता, त्यात अकरा नावा दारू प्यायलेल्यांसारख्या कुशीवर पडल्या होत्या. मासे तडफडत होते. एका सासूनं सवयीनं वाकून घागर बुडवली. ती चिखलात रुतली. तिनं ओढली, निघाली नाही. ती तिथंच खाली बसली.

नदी टेकाडामागं गेली होती. चराचं नाव नव्हतं, डोहाचं नाव नव्हतं. तिथून आता लाल पाणी खडकाळीतून उड्या घेत चाललं होतं. तिथं नावा लागणार नाहीत की ताग बुडणार नाही.

शाळेच्या अंगणात सगळे जमले. मग कारभारी म्हणाला, "कुणी सांगितलं होतं तिथं खणायला?"

सगळे मास्तराकडे बघायला लागले. बायकांच्या घोळक्यात, अगदी मागं, नाकवाली उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. तिला विचारलं होतं हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. त्या नाकानं कधी दगा दिला नव्हता, म्हणून चूक गणिताची. शब्द तिच्या घशापर्यंत आला. तिथं तो हाडासारखा आडवा बसला.

"मी सांगितलं," मास्तर उठून म्हणाला. बोटांना लागलेला खडू तो पुन्हा पुन्हा पुसत होता. "उतार मोजायला मी चुकलो. गाव मी बुडवलं."

"बुडवलं कसं म्हणता?" कारभारी ओरडला. "बुडवायला पाणी तरी ठेवलंत का?"

कुणी तरी त्याचा नकाशा फाडला. कुणी दगड उचलला, पण टाकला नाही. मास्तरानं मान खाली घातली आणि तो एवढंच म्हणाला, "या गावातला शेवटचा माणूस जाईपर्यंत मी जाणार नाही. मागं राहील त्याच्यासोबत मी राहीन."

पुढं गाव कसं गेलं ते काय सांगायचं. विहिरी आटल्या. आधी नावाडी गेले, मग दोरवाले. एकेक घर जायचं. जाताना माणसं चाक उचलून न्यायची, मग दारं काढून न्यायची, मग दाराच्या चौकटी. कारभारी पाच वर्षं तग धरून राहिला आणि मग मुलीकडे गेला, तिथंच संपला. सहावीपर्यंतची शाळा पाचवीपर्यंत झाली, मग दुसरीपर्यंत, मग एकच पोरगी उरली. तिला मास्तरानं सगळे पाढे शिकवले आणि तीही गेली. मास्तराची बायको मुलाकडे गेली. "तुम्हीही चला," म्हणून तिनं महिनाभर वाट बघितली. शेवटी ट्रंकेवर बसूनच म्हणाली, "तुमच्या पापाला माझी सोबत नको." आणि गेली.

बावीस वर्षं झाली. गल्ली अजून बाणासारखी सरळ आहे, घरांना मात्र डोळे उरले नाहीत. टेकाडाकडच्या टोकाला नाकवालीचं घर, धक्क्याकडच्या टोकाला मास्तराचं. मधे तीनशे त्र्याण्णव पावलं आणि सत्तेचाळीस घरं. मागच्या नऊ वर्षांत तिसरं माणूस नाही.

मास्तर जात नव्हता, कारण नाकवाली राहिली होती. आणि नाकवाली जात नव्हती, कारण मास्तर राहिला होता. त्याला तसं एकटं टाकून जायचं म्हणजे घशातलं ते हाड गिळल्यासारखं होतं, आणि ते काढून टाकायचं धैर्यही नव्हतं. दोघं बोलायची कमी. दर वर्षी पुरानंतर मास्तर काठी घेऊन नदीपर्यंतचं अंतर मोजून यायचा आणि तिच्या ओट्यापुढं थांबून सांगायचा, "यंदा सहा पावलं जवळ आलीय, बाई." ती म्हणायची, "हो का." दरवाजा लावून घ्यायची.

अशात एके दिवशी दुपारी नदीच्या जुन्या पात्रातून, जिथं नावा लागायच्या तिथूनच, धुरळा उडवत एक जीप आली. पुतणी उतरली. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा, पण बोलणं तेच.

"मोठी आई, आज मी तुला घेऊन जाणार. नाही म्हणालीस तर पोत्यात घालून नेईन. खोली केलीय तुझ्यासाठी, खिडकी आहे, पंखा आहे."

"आणि तुझी सासू?"

"ती आहेच. अजून माझी उशी वेगळी ठेवते," पुतणी हसली. "चोवीस वर्षं झाली. म्हणते, उशीला वास लागतो."

नाकवाली हसली नाही. ती भिंतीला धरून खाली बसली. मग म्हणाली, "चल. पण त्याआधी मास्तराकडे जायचंय. तू माझ्यासोबत चल. एकटीनं व्हायचं नाही ते."

मास्तर दारातच खुर्ची टाकून बसला होता. चूल पेटलेली, आत काहीतरी उकळत होतं. पुतणीला बघून त्यानं चष्मा पुसला. "ओळखलं. सातचा पाढा कधी आला नाही तुला."

"मास्तर," नाकवाली मधेच म्हणाली, "गाव मी घालवलं."

"बसा, बाई. ऊन फार आहे."

"उन्हानं नाही बोलत मी. खड्ड्यात वाळू होती."

"चूक उताराची होती," मास्तर शांतपणे म्हणाला. "मी नंतर पुष्कळदा हिशेब केला. दर हाताला एक बोट मी कमी धरलं. त्यात तुमचा काही संबंध नाही."

"अहो, नदीचा जुना रस्ता होता तो! मी हुंगला. पायानं माती ओढली वरून."

"तुम्हाला माझी दया येते, मला ठाऊक आहे. पण जे माझं आहे ते माझं आहे. तुम्ही कशाला त्यात वाटा मागता?"

"वाटा नाही, सगळंच माझं आहे!"

"मुळीच नाही," मास्तराचा आवाज चढला. "तुमच्या नाकानं नदी हलत नसते. चर माझ्या नकाशावर खणला. लोकांनी माझं नाव घेतलं. बावीस वर्षं मी..."

"बावीस वर्षं मी तुमच्या आड लपले!"

जगात कुठं दोन म्हाताऱ्यांनी अशा गोष्टीवर हक्क सांगून भांडण केलं असेल असं वाटत नाही. पुतणी एकदा याच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"पायाशी थर होता," नाकवाली म्हणाली. आता ती हळू बोलत होती. "वीतभर. काळीच्या खाली पिवळी, पिवळीच्या खाली तो. शिंपले होते त्यात. तुम्ही वाकून विचारलंत, खात्री ना, वाळू वगैरे. मी म्हटलं, नाक माझं की तुमचं. आठवतंय?"

मास्तरानं चष्मा काढून हातात घेतला.

"लोक हसले होते," तो म्हणाला.

"तुम्हीही हसला होतात."

"वाळू म्हणाला असतात तर..." त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. "मी फाडला असता. कबूल केलं होतं मी."

"म्हणूनच म्हणाले नाही."

"का?"

नाकवालीनं पुतणीकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. पुतणीचा हात आपोआप आपल्या केसांकडे गेला होता.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढं सगळं... माझ्या लग्नासाठी? अगं मोठी आई, मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

पुतणीनं केसांवरचा हात खाली घेतला.

मास्तर उठला. एवढा हाडकुळा माणूस, पण त्या वेळी दार भरून उभा असल्यासारखा वाटला. "माझी बायको तिकडं वारली," तो म्हणाला. "मला तार आली. मी गेलो नाही. म्हटलं, बाई इथं एकट्या राहतील, आणि माझा शब्द आहे. नातू झाला, तो आता मिशा ठेवतो म्हणे. मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. आणि तुम्ही तिथं, गल्लीच्या त्या टोकाला, सगळं ठाऊक असून बसला होतात. दर वर्षी मी येऊन सांगायचो आणि तुम्ही 'हो का' म्हणायचात."

नाकवालीकडे बोलण्यासारखं होतं ते बावीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं.

मास्तर आत गेला. बाहेर आला तेव्हा पायात बूट होते आणि हातात छत्री. बाकी काही नाही.

"मुली, गाडी स्टेशनवरून जाते का?"

"जाते, गुरुजी, पण..."

"मग मला तिथं सोड."

तो जीपपर्यंत चालत गेला, पुढच्या सीटवर बसला आणि छत्री मांडीवर आडवी ठेवली. पुतणी नाकवालीकडे वळली. "चल, मोठी आई. मागं बस तू. पुष्कळ जागा आहे."

"जागा आहे गं. पण त्या गाडीत मी कुठल्या तोंडानं बसू? स्टेशनपर्यंत त्याच्या मानेकडं बघत?"

"मग मी पुन्हा येते. आठ दिवसांनी. येऊ?"

"ये. बघू तेव्हा."

पुतणी तिच्या गळ्यात पडली. नाकवालीनं सवयीनं तिच्या केसांत नाक खुपसलं. शहराचं तेल, धूर, कसलासा साबण. बाकी काही नव्हतं.

जीप सुरू झाली. काचेतून मास्तरानं पहिल्यांदाच मान वळवली.

"बाई, नदी कधी जवळ आलीच नव्हती. दर वर्षी लांबच जात होती. मी खोटं सांगायचो."

"माहीत होतं," नाकवाली म्हणाली. "ओला वास लांब जात होता, तो मला कळत नव्हता का?"

मास्तर हसल्यासारखा वाटला. नक्की सांगता येणार नाही, धुरळा फार होता.

धुरळा बसल्यावर ती मास्तराच्या घरात शिरली, चूल तशीच जळत होती म्हणून. पातेल्यात चहा उकळून निम्मा झाला होता. फेकायचा कशाला म्हणून तिनं कपात ओतला आणि घोट घेतला. तोंड वाकडं झालं. कडू जहर, साखरेचा कण नाही. तिनं फळीवर शोधलं. साखरेची बरणी होती, काठोकाठ भरलेली, झाकणावर धूळ बोटभर. आत सगळी साखर वर्षानुवर्षांच्या दमटपणानं एकजीव होऊन दगड झाली होती. नदी गेली तेव्हापासून त्यानं गोड सोडलं होतं, ते धुळीकडे बघून तिला कळलं.

बरणी मांडीवर घेऊन ती खाली बसली. मग तिनं बत्ता शोधला, बरणी उंबऱ्यावर ठेवली आणि ठोकायला लागली. टक्. टक्. टक्. साखर काही फुटेना. आवाज सरळ गल्लीतून त्या टोकापर्यंत जायचा, टेकाडावर आपटायचा आणि सत्तेचाळीस घरांच्या मधून परत यायचा. नाकवालीनं पदर खोचला, मांडी नीट घातली, आणि बत्ता पुन्हा उचलला.